गावाने निवडलेली आरोग्यसेविका नेमकी कुणाला बांधील?

मीनल_क (धागाकर्ती)

गरीब देशांमधल्या आरोग्य कार्यक्रमांचे अहवाल वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘कार्यक्रमात स्थानिक लोकांचा सक्रिय सहभाग होता.’ मग तपशील शोधायला जावं, तर गावात एक सभा झाली, गावप्रमुखाची सही घेतली, समितीतल्या दहाबारा जणांची नावं लिहिली गेली, एवढंच हाती लागतं. त्या समितीने पुढे काय ठरवलं, कशाला नकार दिला, कुणाला जाब विचारला, याचा मागमूस नसतो. मला याचा मनापासून राग येतो. ज्या बाईच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा असतो ती त्याच गावातली असते, आणि गाव तिच्या पाठीशी आहे की नाही यावर तिचं काम तगतं किंवा बुडतं.

थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्माअटा शहरात १३४ देशांचे प्रतिनिधी जमले होते. आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन आणि अंमलबजावणी यांत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं तिथल्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं गेलं. त्यांच्यासमोर चालती उदाहरणं होती. चीनमधले अनवाणी डॉक्टर (थोडक्या प्रशिक्षणावर आपल्याच गावात उपचार करणारे गावकरी) होते, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेलं जामखेडचं काम होतं. जामखेडमध्ये कित्येक निरक्षर बायका गावाच्या आरोग्यसेविका झाल्या.

पुढच्या दहाएक वर्षांत अनेक देशांनी असे कार्यक्रम काढले आणि त्यातले बरेच कोसळले. चीनचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. अनवाणी डॉक्टरला मोबदला मिळायचा तो गावच्या उत्पादक तुकडीकडून, श्रमगुणांच्या रूपात, म्हणजे सामूहिक शेतीत राबणाऱ्यांसारखेच कामाचे गुण मांडून. औषधांचा खर्च सामूहिक निधीतून व्हायचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कम्यून (सामूहिक शेतीची व्यवस्था) मोडीत निघाले, निधी आटला, आणि तीच माणसं औषधं विकून पोट भरणारे खासगी वैद्य झाली. माणसं तीच, गावं तीच, शिक्षणही तेच. पैसा येण्याची वाट बदलली आणि कामाचं स्वरूप पालटलं. उलट मोझांबिकमध्ये १९७८ साली सुरू झालेला कार्यक्रम यादवी युद्धात सापडला. औषधपुरवठा आणि देखरेख दोन्ही तुटल्यावर १९८९ मध्ये तो थांबवावा लागला आणि २०१० मध्ये नव्याने उभा करावा लागला. तिथे गावाने कितीही जीव लावला असता तरी वरून औषध आलं नसतं.

म्हणून कुठल्याही कार्यक्रमाबद्दल वाचताना मी आता चार गोष्टी शोधते. तिला निवडलं कोणी? तिचे पैसे कुठून येतात? काम नीट होत नसेल तर तिला बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि ती ज्या नोंदी करते त्या गावाला कधी परत दिसतात का? शेवटच्या प्रश्नाबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. तिची नोंदवही केंद्रावर जाते, तिथून जिल्ह्याला, राजधानीला, देणगीदारांना. आपल्या गावात गेल्या वर्षी किती बाळं दगावली हा आकडा गाव सोडून सगळ्यांना ठाऊक असतो.

कुणी अशा कार्यक्रमात काम केलं असेल, जवळून पाहिलं असेल तर जरूर लिहा. दुसरी बाजूही ऐकायची आहे.

---

मकरंद

चांगला विषय. एक शंका आहे. निवड सोडली तर गावाने नेमकं करायचं काय असतं? उपचार ती करणार, औषध सरकार देणार. मग समिती कशाला?

---

समीर_प्रवासी

मकरंद, मी मलावीत एका संस्थेबरोबर ग्रामीण आरोग्याच्या कामावर होतो, तिथलं सांगतो.

तिथे हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट असतात, सगळे त्यांना एचएसए म्हणतात. सरकारी पगारदार माणसं. २००८ पासून दूरच्या गावांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया, मलेरिया आणि जुलाब यांवरची औषधं हे एचएसएच देतात. ही औषधं एका लाकडी पेटीत असतात आणि पेटीला दोन कुलपं. एक किल्ली एचएसएकडे, दुसरी गावच्या आरोग्य समितीतल्या कुणाकडे तरी. दोघं समोर असल्याशिवाय पेटी उघडत नाही.

मी पाहिलेल्या एका गावात दुसरी किल्ली एका मध्यमवयीन बाईकडे होती. महिन्याचा माल आला की ती पेटीशेजारी खाली बसायची, एकेक पाकीट हातात घेऊन मोठ्याने मोजायची, आणि एचएसए वहीत लिहायचा. तिला वाचता येत नव्हतं. तिच्याकडे पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, त्यावर ती प्रत्येक पाच पाकिटांना एक रेघ ओढायची. एकदा क्षारसंजीवनीची पाकिटं तिच्या रेघांपेक्षा कमी भरली. ती तशीच बसून राहिली, कुलूप लावायला तयार होईना. एचएसएने वही उलटी पालटी केली तेव्हा मागच्या आठवड्यातल्या दोन मुलांच्या नोंदी दुसऱ्याच पानावर सापडल्या. तिने दोन रेघा खोडल्या आणि मग किल्ली फिरवली. आवाज चढला नाही, कुणी कुणाला चोर म्हटलं नाही. पण गावात पेटीत काय आहे आणि काय संपलंय हे सगळ्यांना माहीत असायचं. मूल फणफणलं तर आधी तिच्याकडे विचारणा व्हायची: आहे का औषध?

त्याच भागातल्या दुसऱ्या एका गावात दोन्ही किल्ल्या एचएसएच्याच खिशात गेल्या होत्या. कारण साधंच, किल्लीवाली बाई लांब राहायची आणि दर वेळी तिला बोलावणं गैरसोयीचं. तिथे मलेरियाची औषधं कधी संपली ते गावात कुणालाच सांगता येईना. आया मुलं घेऊन यायच्या आणि परत जायच्या. दोन्ही गावांत समिती होती आणि अहवालात दोन्हींपुढे ‘कार्यरत’ असंच लिहिलेलं होतं.

---

डॉ_अश्विनी

समीर, हे फार मोलाचं लिहिलंत.

मी सार्वजनिक आरोग्यात आहे आणि मला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. काही गोष्टी गावाला तपासता येतात आणि काही येत नाहीत. ही सीमारेषा धूसर केली की मुलांच्या जिवावर बेततं.

न्यूमोनिया घ्या. मूल दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं असेल तर मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास, आणि एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त, हा जलद श्वास धरतात. ते मोजायला मूल शांत हवं, छाती उघडी हवी, पूर्ण एक मिनिट मोजायला हवं. रडत्या मुलाचे पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे आरोग्यसेवक मी पाहिलेत. आईला यातलं चुकलेलं काही कळत नाही. उलट औषध दिलं म्हणून ती खूश असते, आणि ‘खोकला आहे, पण श्वास जलद नाही, औषधाची गरज नाही’ म्हणणारी प्रामाणिक सेविका तिला कामचुकार वाटते. म्हणजे निव्वळ गावाच्या समाधानावर मोजमाप ठेवलं तर चुकीच्या कामाला शाबासकी मिळू शकते.

तेव्हा प्रत्यक्ष तिच्या शेजारी बसून तपासणी बघणारी, शिकवणारी पर्यवेक्षक लागतेच. आणि बहुतेक कार्यक्रमांत हाच दुवा सगळ्यात दुबळा असतो. मोटारसायकलला इंधन नाही म्हणून महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही.

गावाला मात्र काही गोष्टी आमच्यापेक्षा चांगल्या दिसतात. ती रात्री हाक मारल्यावर येते का, खालच्या समजल्या जाणाऱ्या वस्तीत पाऊल ठेवते का, फुकट औषधाचे पैसे मागते का, बाईने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवते का. हे कुठल्याही तपासणी तक्त्यात पकडता येत नाही.

---

विवेक_ज

सगळे ‘गाव’ म्हणताय. गाव म्हणजे कोण?

मी दोन वेगवेगळ्या देशांत हे जवळून पाहिलं आहे. देश आणि संस्था सांगत नाही. संस्थेचे लोक सकाळी गाडीतून येतात, गावप्रमुखाला भेटतात, झाडाखाली सभा होते. आरोग्यसेविका कोण हवी, असं विचारलं जातं. मिनिटभर शांतता. मग प्रमुख एक नाव घेतो, बाकीचे माना डोलावतात. नाव बहुधा त्याच्या सुनेचं, पुतणीचं किंवा त्याच्या बाजूने असलेल्या घरातल्या कुणाचं. संध्याकाळपर्यंत अहवालात ‘गावाने एकमताने निवड केली’. जी बाई त्या वेळी दुसऱ्याच्या शेतात राबत होती तिचा त्या ‘एकमतात’ कुठेही समावेश नसतो. पुढे तिचं मूल आजारी पडलं तर तिला त्या सेविकेच्या दारात जायला संकोच वाटतो, कारण दोन घरांत बोलणं नाही.

यापेक्षा परीक्षा घेऊन सरळ सरकारने नेमणूक केलेली काय वाईट? निदान नियम सगळ्यांना सारखे.

---

मीनल_क (धागाकर्ती)

विवेक, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्यावरून मान फिरवता येणार नाही. पण परीक्षा हा त्यावरचा उपाय मला वाटत नाही. परीक्षेत शिकलेली निवडली जाते, आणि जिथे मुलींच्या शाळा मोजक्याच आहेत तिथे शिकलेली म्हणजे पुन्हा बऱ्या घरातलीच. शिवाय तालुक्याच्या गावातून नेमलेली बाई वस्तीवर राहत नाही, हा जुना अनुभव आहे.

निवड कुणाच्या हातात द्यायची हे नीट ठरवलं तर फरक पडतो. नेपाळमध्ये १९८८ पासून महिला आरोग्य स्वयंसेविका आहेत, आज ५० हजारांहून जास्त. तिथे निवड करायची ती आमा समूहाने, म्हणजे वॉर्डातल्या आयांच्या गटाने. ज्यांच्या बाळंतपणात ती येणार, त्यांनीच तिला निवडायचं. रवांडात प्रत्येक गाव आपले आरोग्यसेवक निवडून देतं: मुलांच्या आजारांसाठी एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी, आणि गरोदर माता व नवजात बाळांसाठी आणखी एक स्त्री. जोडी असल्याचा एक साधा फायदा आहे, एका घराशी वैर असलं तरी दुसरं दार उघडं राहतं.

यानेही हितसंबंध नाहीसे होत नाहीत. पण मला वाटतं खरी कसोटी निवडीच्या दिवशी लागतच नाही. ती दोन वर्षांनी लागते, जेव्हा कुणाला तरी म्हणायचं असतं की ही येत नाही, दुसरी द्या. हे म्हणण्याची जागा किती कार्यक्रमांत लिहून ठेवलेली आहे? मी वाचलेल्या बहुतेक मार्गदर्शिकांत निवडीवर पानं खर्ची पडतात आणि बदलण्यावर एक ओळ.

---

आकडेमोड

धागा आवडला. ‘सहभागाने’ प्रत्यक्ष जीव वाचतात का, यावर बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे, तो इथे नोंदवतो. तो पूर्ण एका बाजूचा नाही, म्हणून थोडं सविस्तर.

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात २००१ ते २००३ दरम्यान एक चाचणी झाली, २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. काही भागांत स्थानिक बायकांचे गट दर महिन्याला भरायचे आणि गावातलीच एक बाई ते चालवायची. ती आरोग्यसेविका नव्हती, सुई टोचत नव्हती, औषध देत नव्हती. चित्रं दाखवून ती विचारायची की आपल्याकडे बाळंतपणात काय काय होतं, कशाने होतं, आपण काय करू शकतो. गटांनी आपापले उपाय काढले: कुठे आणीबाणीसाठी निधी, कुठे दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी स्ट्रेचर, कुठे स्वच्छ बाळंतपणाची किट बनवून वाटणं. जिथे गट होते तिथे नवजात मृत्युदर हजारी २६.२ आणि जिथे नव्हते तिथे ३६.९. जवळपास ३० टक्क्यांचा फरक. आरोग्य केंद्रांची सुधारणा दोन्हीकडे केली होती, त्यामुळे हा फरक गटांचा.

मग बांगलादेशात तेच करून पाहिलं आणि फरक पडला नाही! का? झारखंड आणि ओडिशात जिथे चांगला परिणाम दिसला तिथे साधारण ४६८ लोकसंख्येमागे एक गट होता. बांगलादेशात १,४१४ लोकांमागे एक. इतक्या विरळ गटांपर्यंत बहुतेक गरोदर बायका पोचल्याच नाहीत. पुढे बांगलादेशातच ३०९ लोकांमागे एक गट इतकी संख्या वाढवली तेव्हा नवजात मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये बांगलादेश, भारत, मलावी आणि नेपाळ इथल्या सात चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. जिथे गरोदर बायकांपैकी निदान ३० टक्के गटात येत होत्या तिथे नवजात मृत्यूंत ३३ टक्के आणि मातामृत्यूंत ४९ टक्के घट दिसली.

मला यातून जे दिसतं ते असं: पाचपंचवीस प्रतिनिधींची समिती आणि निम्मंशिम्मं गाव ज्यात बोलतं असा गट, या दोन गोष्टींना एकाच नावाने हाक मारू नये.

आता दुसरी बाजू. युगांडात ५० वस्त्यांमध्ये लोकांना त्यांच्या आरोग्य केंद्राच्या कामगिरीचं प्रगतिपुस्तक दाखवलं आणि कर्मचाऱ्यांसमोर बसवून काय सुधारायचं ते ठरवायला लावलं. २००९ मध्ये निकाल आला: बालमृत्यू ३३ टक्क्यांनी कमी. जगभर गाजावाजा झाला. नंतर त्याच देशात बऱ्याच जास्त केंद्रांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा उपचारांच्या दर्जात थोडी सुधारणा दिसली, मृत्यूंवर परिणाम दिसला नाही. केंद्रात परिचारिकाच नेमलेली नसेल, औषधच येत नसेल, तर लोकांनी कितीही जाब विचारून उपयोग काय? मीनल यांचा वरचा मोझांबिकचा मुद्दा इथे लागू होतो.

---

रेवती

आकडेमोड, फार छान संकलन. वाचनखूण साठवली.

मला पैशांवर बोलायचं आहे, कारण ‘सहभाग’ या गोंडस आवरणाखाली सगळ्यात मोठा अन्याय तिथे होतो. गरीब देशातल्या गरीब बाईला सांगितलं जातं की तू गावाची सेवा करतेस, हे तुझं योगदान आहे. तिच्या वर बसलेला पर्यवेक्षक पगार घेतो, गाडीचा चालक पगार घेतो, मूल्यमापन करायला आलेला सल्लागार तर परदेशी दराने घेतो. फुकट काम करणारी साखळीत एकटी तीच!

इथिओपियाचं बघा. २००३ पासून तिथे आरोग्य विस्तार कार्यक्रम आहे. प्रत्येक केबेलेत (साधारण पाच हजार वस्तीचा सर्वांत खालचा प्रशासकीय विभाग) दोन मुली, वर्षभराचं प्रशिक्षण, सरकारी पगार. अतिशय चांगलं पाऊल, आणि तीस हजारांहून जास्त बायकांना त्यातून नोकरी मिळाली. पण २०११ च्या सुमारास त्याखाली ‘महिला विकास सेना’ उभी केली गेली. एकेका बाईने शेजारच्या पाच घरांची जबाबदारी घ्यायची, पगार नाही. गावाचा सहभाग म्हणून हे मिरवलं गेलं. त्या बायकांपैकी पुष्कळ जणी शेजारणींइतक्याच किंवा त्यांच्याहून गरीब होत्या. घरात चूल पेटायची पंचाईत असलेल्या बाईला बिनपगारी जबाबदारी देऊन तिचं सबलीकरण कसं होतं, मला कुणीतरी समजावून सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की आरोग्यसेवकांना त्यांच्या कामाच्या प्रमाणात मोबदला द्या, आणि तो फक्त किंवा मुख्यत्वे ‘इतक्या केस आणल्या तर इतके पैसे’ अशा पद्धतीचा नको. त्याच सूचनांत निवडताना विवाहित आहे की नाही हा निकष लावू नका असंही आहे, त्याबद्दल मला फार बरं वाटलं. लग्न मोडलेल्या, विधवा, एकट्या बायका या कामात किती जीव ओततात हे पाहिलं आहे मी.

---

विवेक_ज

रेवतीताई, मोबदला हवाच. पण पगार सरकारने द्यायला सुरुवात केली की ती सरकारची माणूस होते, हेही खरं ना? मग वरून आलेला तक्ता भरणं हेच तिचं काम होतं. गावाने काही सांगितलं तरी ‘मला साहेबांनी सांगितलेलं नाही’.

---

रेवती

विवेकदादा, शिक्षकाला सरकार पगार देतं म्हणून तो गावाचा राहत नाही असं आपण म्हणत नाही. मग हा प्रश्न नेमका गरीब बायकांच्याच बाबतीत का पडतो?

आणि मधले मार्ग आहेत. रवांडात आरोग्यसेवकांच्या सहकारी संस्था आहेत. कामगिरीवर मिळणाऱ्या रकमेचा मोठा हिस्सा संस्थेच्या खात्यात जातो, त्यातून शेती, पशुपालन असे धंदे उभे राहतात आणि नफा सभासदांचा. त्यात कमीजास्त आहेच, सगळ्या संस्था नफ्यात चालत नाहीत आणि हातात रोख थोडीच पडते. लायबेरियाने इबोलाच्या साथीनंतर २०१६ मध्ये सरळ महिना ७० डॉलर मानधन ठरवलं. आरोग्य केंद्रापासून पाच किलोमीटरपेक्षा लांबच्या वस्त्यांसाठी ही माणसं आहेत. मला लायबेरियाची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. पैसे सरकारने द्यावेत आणि ती आली की नाही हे गावाने सांगावं. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

---

डॉ_अश्विनी

रेवतीशी सहमत. पगार देणारा आणि हजेरी सांगणारा वेगळा असेल तर उलट बरंच. फक्त गावाने ‘येत नाही’ म्हटल्यावर वर कुणीतरी ते ऐकलं पाहिजे.

---

निखिल_रा

इबोलाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्या साथीने हा सगळा वाद कागदावरून उचलून जमिनीवर आणला.

२०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत २८ हजारांवर लोकांना लागण झाली, ११ हजारांवर गेले. सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली अनोळखी माणसं गावात यायची, आजारी माणसाला घेऊन जायची, आणि बरेचदा तो परत दिसायचा नाही. प्रेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुरलं जायचं, नातलगांना जवळ येऊ देत नसत. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. त्या आठांमध्ये आरोग्य कर्मचारी होते, पत्रकार होते. इतका टोकाचा अविश्वास एका दिवसात तयार झालेला नव्हता. वर्षानुवर्षं सरकार त्या गावांत फारसं दिसलंच नव्हतं आणि आलं ते एकदम प्रेत न्यायला.

नंतर गावच्या वडीलधाऱ्यांना, धर्मगुरूंना बरोबर घेऊन दफनाची पद्धत बदलली. नातलगांना लांबून का होईना पाहता यायला लागलं, प्रार्थना करता यायला लागली. त्यानंतर लोक स्वतःहून फोन करून पथकाला बोलवायला लागले.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सिएरा लिओनमधलं. साथीच्या आधी, २०१२-१३ मध्ये, तिथे २५४ आरोग्य केंद्रांच्या परिसरात एक प्रयोग झाला होता. काही केंद्रांत कर्मचारी आणि गावकरी यांना समोरासमोर बसवून काय अडतंय, कोण काय करणार हे ठरवायला लावलं, काही केंद्रांत चांगल्या कामाबद्दल कर्मचाऱ्यांना सन्मान दिला. इबोलाचा त्यात विचारही नव्हता. पुढे साथ आली तेव्हा अशा केंद्रांच्या परिसरात इबोलाच्या नोंदलेल्या केसेस इतर ठिकाणांपेक्षा जवळपास ६० टक्क्यांनी जास्त निघाल्या, आणि मृत्यू मात्र कमी. म्हणजे तिथे रोग जास्त नव्हता, लोक घाबरून लपून बसण्याऐवजी लवकर पुढे येत होते. साथ आल्यावर विश्वास जमवायला निघालं तर उशीर झालेला असतो.

---

मकरंद

निखिल, अंगावर काटा आला. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. सगळ्यांचे आभार.

---

शलाका_म

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते. पूर्व आफ्रिकेतल्या एका ग्रामीण जिल्ह्यात बंद पडलेल्या आरोग्य समित्या पुन्हा सुरू करण्याच्या कामावर रुजू होते आहे. प्रकल्पात ‘समित्यांचं प्रशिक्षण’ असं लिहिलंय आणि त्यासाठी तीन दिवसांचा अभ्यासक्रम तयार आहे. हा धागा वाचून वाटायला लागलंय की प्रशिक्षणाने सुरुवात करणं चूक ठरेल. तुम्ही काय कराल?

---

समीर_प्रवासी

शलाका, आधी समिती का बंद पडली ते विचारा, आणि प्रमुखाच्या घरी बसून विचारू नका. माझ्या पाहण्यातलं उत्तर बहुतेक वेळा एकच निघालं: ‘आम्ही सांगितलं, पुढे काही झालं नाही.’ लोकांनी औषधाच्या तुटवड्याचा ठराव केला, कागद जिल्ह्याला गेला, उत्तर आलं नाही. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा सभेला कोण येणार? त्या कामाच्या दिवसाची मजुरी बुडते त्यांची.

तेव्हा गावात जाण्याआधी जिल्हा कार्यालयात जा. समितीच्या पत्राला उत्तर कोण देणार, किती दिवसांत देणार, हे एका माणसाच्या नावावर ठरवून घ्या. उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, पण कारणासकट लेखी यायला हवं.

---

मीनल_क (धागाकर्ती)

शलाका, समीरने सांगितलं ते आधी. मग माझ्याकडून थोडंसं.

समितीला पहिल्याच महिन्यात एखादा खरा निर्णय घ्यायला द्या, लहानसा असला तरी. उदाहरणार्थ आरोग्यसेविका कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी बसेल. शेतीच्या हंगामात सकाळी दहा ही वेळ कुणालाच जमत नाही हे त्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं. त्यांनी संध्याकाळ म्हटली तर संध्याकाळ, आणि केंद्राच्या पत्रकात ती बदललेली दिसली पाहिजे. सभेची वेळही त्यांनाच ठरवू द्या, आणि बायकांना वेगळं विचारा. पुरुषांसमोर बसल्या तर त्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्या संपल्याचं कधीही सांगणार नाहीत.

नोंदी परत द्या. दर तीन महिन्यांनी त्या गावाचे आकडे त्या गावात, अक्षर न येणाऱ्यालाही कळतील असे. किती गरोदर, किती तपासल्या, किती मुलांना लस, किती मृत्यू. मृत्यूंबद्दल बोलताना घराचं नाव येणार नाही याची काळजी घ्या, आणि ज्या घरात बाळ गेलंय त्यांना आधी जाऊन भेटा.

---

विवेक_ज

आणि सेविकेला समितीत बसू द्या, तिच्याबद्दल चर्चा असेल तेव्हासुद्धा. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तक्रार होती की ती लांबच्या वस्तीवर येत नाही. तिला विचारल्यावर कळलं की वाटेत ओढा आहे आणि पावसाळ्यात तिला एकटीला भीती वाटते. समितीने वस्तीवरच्या दोन बायकांना ठरलेल्या दिवशी ओढ्यापर्यंत यायला सांगितलं. तिला बदलायची वेळ आली नाही.

माझी मूळ शंका अजून आहे, शलाकाताई. ज्यांना कुणी सभेला बोलावतच नाही अशी घरं तुमच्या जिल्ह्यातही असतील. यादी करताना सेविकेबरोबर स्वतः घरोघर फिरा. ती ज्या गल्लीत वळणार नाही, तिथे तुम्ही वळा.

---

शलाका_म

समीर, मीनलताई, विवेकदादा, मनापासून आभार. जिल्हा कार्यालयापासूनच सुरुवात करते. प्रशिक्षणाचे तीन दिवस पुढे ढकलता येतील का हे आजच वरिष्ठांना विचारलं आहे. ओढ्यासारख्या अडचणी सेविकांकडून आधीच समजून घ्यायची कल्पना फार आवडली. तिकडे पोचल्यावर इथेच लिहीन. तोवर आणखी एक प्रश्न: समितीला थोडा मुक्त निधी (कुठल्याही ठरावीक कामाशी न बांधलेला) मिळणार आहे, त्याचं खातं कुणाच्या सहीने चालवावं? गावप्रमुखाची सही सक्तीची आहे असं ऐकते आहे.

---

डॉ_अश्विनी

सक्तीची असेल तर राहू द्या, पण एकट्याची नको. दोन सह्या, त्यातली एक आयांच्या गटातून निवडलेल्या बाईची, आणि दर खर्चाची पावती सभेत वाचून दाखवायची. पहिला खर्च शक्यतो अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायच्या गाडीसाठी राखून ठेवा. त्यावर सहसा कुणी वाद घालत नाही, आणि निधी कशासाठी आहे ते एका रात्रीत सगळ्या गावाला कळतं.